अर्ध्या तासाचं सरकार

शिंप्याच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावरून पुढे सरकला, त्याच क्षणी माझ्या मनगटावरच्या घड्याळाचाही सरकला. मी एक पूर्ण फेरी दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं. फरक दिसला नाही. त्याचं घड्याळ प्लॅस्टिकच्या चौकटीचं, काचेवर कापसाचे तंतू चिकटलेलं, कुठल्याही दुकानात मिळणारं. माझं मी कामावर गेल्या गेल्या आमच्या मुख्य घड्याळाशी जुळवून घेते. तरी दोघांचे सेकंद एकाच वेळी पडत होते. मिनिटकाटा मात्र वेगळा होता. त्याचं घड्याळ माझ्यापेक्षा अर्धा तास मागे होतं. अदमासे अर्धा तास नव्हे, नेमका अर्धा तास.

घड्याळ मागे पडलंय, असं मी म्हटलं. शिंपी माझ्या कोटाची बाही उसवत होता. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून तो ओठांच्या एका कोपऱ्यातून बोलला. घड्याळ मागे नाही, ताई, रोज रेडिओच्या ठोक्यावर लावतो.

"त्यांचे आठ वाजले की आपले साडेसात लावायचे," तो म्हणाला. "वजाबाकी तर येते ना माणसाला."

मी कुठे काम करते हे त्याला माहीत नव्हतं. मी कालमापन केंद्रात काम करते. तो रोज सकाळी ज्या ठोक्यांवर घड्याळ लावत होता, ते ठोके माझ्या विभागातून जातात. सरकारची आज्ञा मोडण्याचं काम हा माणूस सरकारनेच पुरवलेल्या ठोक्यांवर, सेकंदाचीही चूक न करता पार पाडत होता. पुढचे काही दिवस मी येता-जाता घड्याळं पाहत राहिले. औषधांचं दुकान, सायकल-दुरुस्तीवाला, बसच्या चालकासमोरचं छोटं घड्याळ, दातांच्या डॉक्टरांची बसायची खोली. सगळीकडे तेच. सगळं गाव चुकीचं होतं आणि सगळं गाव अचूक होतं.

आमच्याकडे ज्यांचं राज्य आहे त्यांना लोक ‘काळजीवाहू’ म्हणतात. जुनं सरकार पडलं तेव्हा नवी निवडणूक होईपर्यंत म्हणून ही मंडळी आली. निवडणुकीआधी मतदारयाद्या तपासायच्या होत्या. त्या तपासायचं काम अजून चालू आहे. इतक्या बारकाईने चालू आहे की यादीतले मतदार म्हातारे होऊन गळून पडतात आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागते. मध्यंतरी त्यांनी स्वतःचं नाव बदलून ‘राष्ट्रबांधणी सरकार’ केलं, पाट्या रंगवल्या, शिक्के पाडले. लोकांनी ‘काळजीवाहू’ सोडलं नाही. त्यांच्या प्रमुखाला ‘मुख्य काळजीवाहू’ म्हणू लागले. पाणी आलं नाही की म्हणत, काळजी ते वाहतात, पाणी आपण वाहू.

काळजीवाहू सरकारला मोठे निर्णय घेता येत नाहीत, असं कायद्यात होतं. म्हणून त्यांनी छोटा निर्णय शोधला. देशातली घड्याळं अर्धा तास पुढे करायची. काटा सरकवायला काय लागतं? त्या नव्या वेळेला त्यांनी ‘प्रगत वेळ’ असं नाव दिलं. नाव सुचवणाऱ्याला बढती मिळाली असावी. धरणं, कालवे, रस्ते सोडून या लोकांनी जो एकच निर्णय अमलात आणला, तो घराघरांत भिंतीवर चढून बसणारा होता, आणि तिथेच त्यांची फजिती झाली. लोक कर भरत होते, कचेरीत रांगेत उभे राहत होते, मुख्य काळजीवाहूची गाडी गेली की रस्त्याच्या कडेला थांबत होते. पण लग्नाचं, दवाखान्याचं, उसन्या घेतलेल्या शिडीचं, काहीही ठरवायचं झालं की पहिला प्रश्न असे, "त्यांच्या आठला की आपल्या आठला?" आणि उत्तर ठरलेलं असे.

या बंडाचंही मला फार कौतुक नव्हतं. घरात, दार लावून, स्टुलावर चढून काटा मागे करायला शौर्य लागत नाही. फुकटात मिळणारा स्वाभिमान लोक आवडीने घेतात.

आणि आणखी एक गोष्ट होती, जी शिंप्याला माहीत नव्हती. तो अर्धा तास माझा होता.

जुनं सभागृह असताना मी एक शोधनिबंध सादर केला होता. आमची वेळ कोणे एके काळी शेजारच्या मोठ्या देशाच्या बंदरावरून ठरवलेली. त्यांच्या जहाजांना सोयीची म्हणून आम्ही घेतली. आमच्याकडे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात साडेअकराच वाजलेले असतात. अर्धा तास पुढे केलं तर घड्याळ सूर्याच्या जवळ येईल, संध्याकाळची वीज वाचेल. आकडे मी स्वतः काढले होते, ते आजही बरोबर आहेत. सभागृहाने मला बोलावलं. तिथे एक वीटभट्टीवाला सभासद होता. त्याने विचारलं, सूर्य काय घड्याळ बघून उगवतो का? सगळे हसले. दुसरा म्हणाला, आमच्याकडच्या बाया आत्ताच अंधारात उठतात, त्यांना आणखी अंधारात उठवायचं का? तिसऱ्याला तो काढून घेतलेला अर्धा तास नक्की कुठे जमा होणार याची चिंता होती. मी सगळ्यांना उत्तरं दिली. त्यांनी ऐकून घेतली आणि मत टाकून माझी सूचना फेटाळली.

घरी येऊन मी त्या सगळ्यांना गाढवं म्हटलं. नवरा भाजी निवडत होता. तो म्हणाला, गाढवांनाही मत असतं. मी आठवडाभर घुश्शात होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्याच वेळेने कामावर गेले. वेगळं काही करावं हे माझ्या मनातही आलं नाही. गाढवांनी ठरवलं होतं, पण ठरवायला त्यांना कोणीतरी पाठवलं होतं, त्यात मीही एक होते.

काळजीवाहूंना माझा निबंध कपाटात सापडला. त्यांना वाटलं, बरोबर आहे म्हटल्यावर आणखी काय हवं?

*

आमच्या घरात दोन घड्याळं होती. बाहेरच्या खोलीतलं नवऱ्याचं, आतल्या खोलीतलं सासूबाईंचं. नवरा सरकारी शाळेचा मुख्याध्यापक. त्याला शाळेची घंटा प्रगत वेळेने द्यावी लागे. घंटा झाली की वर्गात शिक्षक आणि रिकामे बाक असत. अर्ध्या तासाने मुलं हसत-खिदळत येत, वेळेवर आल्याच्या तोऱ्यात. पालकांना बोलावलं तर पालकही अर्ध्या तासाने येत. निरीक्षक दोनदा येऊन रिकामे बाक बघून गेला होता. तिसऱ्या भेटीनंतर बदली ठरलेलीच, तीही सीमेवरच्या त्या गावी जिथे दवाखाना म्हणजे एक कुलूप आणि एक पाटी. सासूबाईंचे गुडघे गेलेले. त्यांना महिन्यातून एकदा तरी सुई घ्यावी लागे.

सासूबाई प्रसूतिगृहात परिचारिका होत्या, शेवटी मेट्रन होऊन निवृत्त झाल्या. त्यांची जीभ त्या वॉर्डमध्येच तयार झाली होती. मी नवऱ्याबद्दल बोलताना ‘त्यांची जेवायची वेळ’ म्हणत असे. आता बाहेर ‘त्यांची वेळ’ म्हणजे सरकारची. सासूबाईंना एवढं पुरे होतं.

"त्यांची वेळ झाली का गं?" त्या आतून विचारत. "मग वाढ त्यांना. आम्ही माणसं अर्ध्या तासाने जेवू."

नवरा मुकाट जेवायचा. तो भित्रा आहे, पण वाईट नाही. रिकाम्या वर्गात उभं राहून घंटा द्यायला किती लाज वाटते, हे त्याने मला एकदा सांगितलं होतं. त्यानंतर मी ‘त्यांची’ म्हणणं सोडून दिलं.

एकदा त्याने आईला समजावून पाहिलं की सरकार म्हणजे सरकार, कसं आलं हे बघून चालत नाही, आलेलं आहे एवढं खरं. सासूबाई गुडघ्याला तेल लावत होत्या.

"अनौरस पोरं मी पुष्कळ हातात घेतली," त्या म्हणाल्या. "त्यांचा काही दोष नसतो, त्यांना कोणी विचारून जन्माला घालत नाही. हे सरकार मात्र स्वतःच स्वतःला बाळंत झालंय. आणि आता म्हणतं, बारशाला या."

मी हसले. नवरा हसला नाही. त्याला निरीक्षक दिसत होता.

*

लोकविश्वास खात्याचे सचिव आमच्या केंद्रात पहिल्यांदा आले, ते रागावून आले. पूर्वी ते साबणाच्या जाहिराती करत. केंद्रात त्यांना सगळे पाठीमागे साबणवाले म्हणत. समोर मात्र आमचे संचालक त्यांच्यासाठी उभे राहत. आमचे संचालक वरून फोन आला तरी उभे राहतात. रिसीव्हर कानाला लावून, पोट आत घेऊन. खगोलशास्त्रात त्यांचं एके काळी नाव होतं, असं म्हणतात. एखाद्या मेलेल्या ताऱ्याचा उजेड उशिरा पोचतो, त्यातला प्रकार असावा.

लोक ठोके ऐकून अर्धा तास वजा करतात, हे साबणवाल्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्यांचा उपाय सोपा होता. ठोके बंद करा. ठोकेच नाहीत तर वजा कशातून करतील?

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की ठोके फक्त शिंपी ऐकत नाही. संचालकांनी माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. ठोके बंद करणं तितकं सोपंही नव्हतं. ती वाहिनी अशी बांधलेली आहे की ठोक्यांच्या आधीच्या मिनिटात ती कोणालाही, अगदी आम्हालाही, तोडता येत नाही. चुकून कोणाचा हात लागून देशाची वेळ बिघडू नये म्हणून आमच्या आधीच्या लोकांनी केलेली ती व्यवस्था. त्या आधीच्या लोकांना हातांची चांगली पारख होती. शेवटी एक अख्खा दिवस खर्ची घालून वाहिनी रीतसर बंद केली.

त्यानंतर जे झालं ते मी शास्त्रज्ञ म्हणून आनंदाने पाहिलं. स्वस्त घड्याळं पुढे-मागे जाऊ लागली. लोकांची गेली, तशी कचेऱ्यांचीही गेली. लोकांनी तोडगा काढला. सूर्य मावळताना अंदाज घ्यायचा, शेजाऱ्याला विचारायचं, भागवायचं. सरकारला असं भागवता येईना. आगगाड्या एका स्थानकावरून एका वेळेने सुटून दुसऱ्या स्थानकात तिसऱ्याच वेळेने पोचू लागल्या. मंत्रिमंडळाच्या बैठकीला मंत्री चार वेगवेगळ्या वेळी आले आणि प्रत्येकाने आपणच प्रगत वेळ पाळल्याचा दावा केला. मुख्य काळजीवाहू आधी येऊन रिकाम्या खोलीत बसले होते, म्हणे. नवऱ्याच्या शाळेतला देखावा, फक्त खुर्च्या गादीच्या.

लोक म्हणू लागले, यांचा काळ आलाय, पण वेळ आलेली नाही. ती जुनी म्हण यांच्यावर वापरायचा मोह आवरता आला नाही कोणाला.

ठोके पुन्हा सुरू झाले. मी घरी येताना शिंप्याच्या दुकानात डोकावले. त्याचं घड्याळ बरोबर अर्धा तास मागे आलं होतं.

*

दुसऱ्यांदा साबणवाले आले ते गोड बोलत आले. त्यांनी मला मॅडम म्हटलं, खुर्ची पुढे केली. सक्तीने माल खपत नाही, हे आपल्याला आधीच्या धंद्यामुळे माहीत आहे, असं म्हणाले. माल चांगला असून खपत नसेल तर ग्राहकाला विश्वास वाटेल असा चेहरा लागतो. चेहरा नाही तर आवाज. सकाळच्या आठच्या ठोक्यांआधी मी रेडिओवर बोलायचं होतं. आगाऊ ध्वनिमुद्रित केलेलं नको, ध्वनिमुद्रणाला वास येतो आणि लोकांना तो बरोबर कळतो. थेट बोलायचं. शास्त्रज्ञ म्हणून सांगायचं की नवी वेळ बरोबर आहे.

"आणि गंमत म्हणजे, मॅडम, ती बरोबर आहेच," ते म्हणाले. "तुमच्याकडून आम्ही खोटं काहीच मागत नाही. असं सरकार तुम्ही कधी पाहिलंय?"

हे मात्र खरं होतं. नवऱ्याच्या बदलीचाही विषय त्यांनीच काढला. अगदी सहज, दाराशी जाताना. हुशार मुख्याध्यापक आहेत, शहरातच राहायला हवेत, वगैरे.

मी म्हटलं, विचार करून सांगते. ते वाक्य मी पुढे बरेच आठवडे म्हणत राहिले. संचालक रोज विचारत. आधी खोलीत बोलावून, मग जिन्यात गाठून, मग जेवणाच्या डब्यावरून वाकून. मी विचार करत नव्हते. मी टाळत होते. माझ्यापुढचा प्रश्न मला नीट मांडताच येत नव्हता. खोटं बोला म्हणाले असते तर मी तिथल्या तिथे नाही म्हटलं असतं. नाही म्हणण्याचं शिक्षण आम्हाला मिळालेलं असतं. खरं बोला म्हणणाऱ्याला कसं नाही म्हणायचं, हे कोणी शिकवलेलं नव्हतं.

घरी नवरा काही विचारत नसे. न विचारण्याचा आवाज असतो. तो ताट उचलून ठेवताना येतो, चष्मा पुसताना येतो. एका संध्याकाळी शेवटी त्याने तोंड उघडलं. निरीक्षक तिसऱ्यांदा येऊन गेला होता.

"खोटं बोल असं मी तुला कधी म्हणेन का?" तो म्हणाला. "खरं तेवढं बोल. तुझेच आकडे आहेत."

सासूबाई आतून ऐकत होत्या. त्यांनी नेहमीसारखा टोमणा मारला नाही. काठी टेकत बाहेर आल्या, मुलाशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, माझ्या गुडघ्यांना यात मोजू नका. हे मला म्हणाल्या की त्याला, ते कळलं नाही. नवऱ्याने त्यांचा हात धरला. मला त्या क्षणी वाटलं, बोलून टाकावं. चार वाक्यं तर बोलायची. घर जाग्यावर राहील, मुलं वेळेवर येतील, संध्याकाळची वीजही वाचेल. देश कोणाच्या ताब्यात आहे ते देश बघेल.

दुसऱ्या दिवशी मी संचालकांना सांगितलं की बोलायला येते. नेमकं काय बोलणार, ते माझं मलाही ठरवता आलेलं नव्हतं. संचालकांना त्याच्याशी घेणंदेणं नव्हतं. त्यांनी उभं राहून फोन लावला.

*

साबणवाल्यांनी मजकूर लिहून आणला होता. तो मी एखादा निबंध तपासावा तसा तपासला, पेन्सिल हातात घेऊन. पहिलं वाक्य, देशाच्या मध्यावर सूर्य माथ्यावर येतो तेव्हा जुन्या वेळेने साडेअकरा वाजतात. बरोबर. दुसरं, नवी वेळ सूर्याच्या अधिक जवळ आहे. बरोबर. तिसरं, याने विजेची बचत होते. बरोबर, आकडाही माझाच. चौथं, ही सूचना कोणा पुढाऱ्याची नसून आपल्याच देशातल्या एका शास्त्रज्ञ स्त्रीची आहे, आणि ती स्त्री आज आपल्याशी बोलते आहे. तेही बरोबर. पेन्सिल कुठे टेकवावी असं एकही ठिकाण नव्हतं. साबणाच्या वेष्टनावर इतकं खरं कधी छापलं गेलं नसेल.

तरी मला काहीतरी खटकत होतं. पुन्हा वाचलं तेव्हा कळलं की खटकणारी गोष्ट कागदावर नव्हतीच. विद्यार्थी प्रयोगाच्या वहीत दहा निरीक्षणं लिहून आणतो, सगळी एका रेषेत. आपण विचारतो, अकरावं कुठे आहे? तो म्हणतो, ते रेषेत बसत नव्हतं. दहाच्या दहा खरी असतात आणि तरी तो लबाडी करत असतो.

मी म्हटलं, यात एक वाक्य घालावं लागेल. ही सूचना सभागृहापुढे आली होती आणि सभागृहाने ती फेटाळली.

साबणवाले हसले. संचालकही हसले, किंचित मागून.

"ते आता अप्रस्तुत आहे," साबणवाले म्हणाले. "ते सभागृहच राहिलं नाही, मॅडम. आणि त्यांनी मूर्खपणाने फेटाळलं होतं, हे तुम्हीच म्हणत होता. तुमच्या घरचीच माणसं सांगतात."

म्हणजे त्यांना गाढवंही कळली होती. नवऱ्याने सांगितलं असेल, भोळेपणाने, शाळेत कोणालातरी, कौतुकाने. मला नवऱ्याचा राग आला नाही. मला समोर बसलेला माणूस एकाएकी स्पष्ट दिसला. त्याची खरोखर समजूत होती की मी त्याच्या बाजूची आहे. वीटभट्टीवाल्याला मी मूर्ख म्हणते म्हणजे त्याला घरी बसवणाऱ्याला मी शहाणा म्हणणार, असा त्याचा हिशेब होता. त्या वीटभट्टीवाल्याने निदान मला प्रश्न विचारला होता. माझं उत्तर ऐकून घेतलं होतं. चुकीच्या बाजूने हात वर केला होता, पण तो हात मोजला गेला होता. या माणसाने माझं बरोबर उत्तर उचललं होतं, हात न मोजता. आणि ते आपण मला दिलेलं बक्षीस आहे असं त्याला वाटत होतं.

मजकुरात बदल होणार नाही, असं ते म्हणाले. मी ठीक आहे म्हटलं. त्यांनी ते होकार म्हणून ऐकलं.

ठोक्यांची खोली लहान आहे. एक टेबल, एक मायक्रोफोन, काचेच्या पलीकडे यंत्रं. साबणवाले काचेपलीकडे खुर्चीत बसले होते, संचालक त्यांच्या मागे उभे. सकाळी घरून निघताना नवऱ्याने माझा डबा भरला होता. डबा पिशवीत ठेवताना त्याने तो दोनदा सरळ केला. सासूबाई आपल्या घड्याळाप्रमाणे अजून उठायच्या होत्या.

लाल दिवा लागला. मी कागद समोर धरला आणि पहिली तीन वाक्यं वाचली, सावकाश, आकड्यांसकट. चौथंही वाचलं. साबणवाल्यांनी काचेतून अंगठा वर केला. शेवटचं मिनिट सुरू झाल्याचा हिरवा दिवा लागला, आणि मी कागद टेबलावर पालथा ठेवला.

"ही सूचना मी तुमच्या सभागृहापुढे ठेवली होती," मी म्हणाले. "तिथे तुम्ही पाठवलेल्या माणसांनी माझं म्हणणं ऐकलं आणि मत टाकून ते फेटाळलं. माझ्या मते त्यांची चूक झाली. आजही माझं तेच मत आहे."

काचेपलीकडे साबणवाले उठून उभे राहिले होते. ते संचालकांना काहीतरी विचारत होते, आणि संचालक दोन्ही हात हलवून सांगत होते की आता तोडता येत नाही. मला सीमेवरचं ते गाव दिसलं, दवाखान्याच्या दाराचं कुलूप, वर एक पाटी. नवरा आता घंटेच्या दोरीपाशी उभा असेल. शाळेच्या कचेरीतला रेडिओ चालू असेल.

"पण त्यांचा तो निर्णय, तो बदलण्याचा अधिकार असलेल्या कोणीही अजून बदललेला नाही. या केंद्रातून वेळ सांगण्याचं काम माझं आहे, म्हणून सांगते. आता ठोके पडतील. साडेसात वाजले आहेत."